नागिणीची लस आणि पळण्याचं वेळापत्रक

पुण्या-मुंबईतल्या हौशी धावपटूंच्या कुठल्याही ग्रुपमध्ये पन्नाशी ओलांडलेली मंडळी बरीच दिसतात. चाळिशीत डॉक्टरांनी साखरेचा किंवा रक्तदाबाचा इशारा दिला म्हणून चालायला लागलेली, मग गोडी लागून दहा किलोमीटर, हाफ, फुल अशी पुढे सरकलेली ही माणसं. नेमकं याच वयात त्यांच्यासाठी एक लस महत्त्वाची ठरते, ती नागिणीची. २०२३ पासून नागिणीची नवी लस भारतात मिळू लागली आहे, पन्नास वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आणि त्यापुढच्यांसाठी. धावपटूंना तिची माहिती नसते असं नाही, तरी ती पुढे ढकलली जाते. लस घेतल्यावर एक-दोन दिवस अंग मोडून जातं हे कानावर आलेलं असतं आणि समोर कुठली ना कुठली शर्यत असतेच. साताऱ्याची झाली की घेऊ, मग मुंबईची झाली की घेऊ, असं करत वर्ष निघून जातं.

मी स्वतः हौसेने पळते आणि या लशीचे दोन्ही डोस घेतले आहेत. माझं सांगणं एवढंच आहे, की वेळापत्रकात लाँग रनला जसा आपण वार ठरवून देतो, तशी या लशीला तारीख ठरवून द्यावी आणि तिच्यानंतरचे विश्रांतीचे दिवस आधीच लिहून ठेवावेत.

आधी आजार समजून घेऊ. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. शरीरात त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या पेशी असतात. वय वाढतं तसा तो पहारा ढिला पडतो आणि विषाणू एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. त्या तंतूच्या पट्ट्यात आग होते, मग पाण्याने भरलेले फोड उठतात. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार दर तिघांपैकी एकाला आयुष्यात कधी तरी नागीण होते. आपल्याकडे आज पन्नाशीत असलेल्या बहुतेकांच्या शरीरात हा विषाणू आहेच, कांजिण्या झाल्याचं आठवत असो वा नसो. त्यामुळे लशीआधी रक्त तपासून घेण्याची गरज नसते.

‘मी रोज पळतो, माझी प्रतिकारशक्ती चांगली आहे’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. व्यायामाचे फायदे खरेच आहेत, पण या एका विषाणूवरचा पहारा वयासोबत ढिला होतो, तो माणूस चार तासांत मॅरेथॉन पुरी करत असला तरीही. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. त्यांना आधी डाव्या बरगड्यांखाली ठणका लागला. त्यांना वाटलं, घाटात उतारावर स्नायू ताणला असेल. दोन-तीन दिवस बर्फ लावला, स्प्रे मारला. मग हृदयाचे ठोके मोजायचा छातीवरचा पट्टा बांधताना बायकोला फोड दिसले: पाठीच्या मधोमध सुरू होऊन काखेखालून पुढे आलेली, बोटभर रुंदीची लाल पट्टी. पुढे अंगावर बनियनचा स्पर्शही सोसेना. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण त्या पट्ट्यातली जळजळ महिनोन्‌महिने राहिली. पळताना टी-शर्ट घासला, घाम लागला की विजेसारखी कळ जायची. फोड गेल्यावरही मागे राहणारी ही मज्जातंतूंची वेदना नागीण झालेल्या दर शंभरांपैकी सुमारे १० ते १८ जणांना छळते आणि वय जितकं जास्त तितकी तिची शक्यता जास्त. नागीण कपाळावर आणि डोळ्याजवळ आली, तर दृष्टीलाही धोका असतो.

आपल्याकडे नागिणीवर गेरू किंवा काव लावतात, कुणी मंत्र घालून ती उतरवतात. विळख्याची दोन्ही टोकं जुळली की माणूस दगावतो, अशी भीतीही घराघरांत आहे. खरं तर ही पट्टी शरीराच्या एकाच बाजूच्या मज्जातंतूचा माग काढत येते आणि सहसा मध्यरेषेपाशी थांबते; टोकं जुळायचा प्रश्नच नसतो. पण या उपचारांत जो वेळ जातो, तो फार महागात पडतो. विषाणूवरची गोळी फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली, तर तिचा गुण सगळ्यांत चांगला येतो. अंगाच्या एकाच बाजूला आग आणि मग फोड, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लस घेतली असली तरीही जा.

आता लशीविषयी. ही जिवंत विषाणूची लस नाही. विषाणूच्या आवरणावरचं एकच प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून ते लशीत घातलेलं असतं, म्हणून लशीमुळे नागीण होऊ शकत नाही. सोबत असतो प्रतिकारयंत्रणेला जोरात जागं करणारा एक सहायक घटक. त्यातला एक अंश दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात वाढणाऱ्या क्विलाजा नावाच्या झाडाच्या सालीतून काढतात. ही साल तिथे पूर्वीपासून साबणासारखी वापरली जाते. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीच्या पुढच्यांमध्ये या लशीने नागीण सुमारे ९७ टक्के रोखली, सत्तरीच्या पुढच्यांमध्येही सुमारे ९० टक्के. अकराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला, तेव्हाही संरक्षण ८० टक्क्यांच्या आसपास टिकलेलं दिसलं. प्रौढांच्या लशींमध्ये इतके चांगले आकडे क्वचित बघायला मिळतात.

जो सहायक घटक हे संरक्षण उभं करतो, तोच एक-दोन दिवस अंग मोडूनही टाकतो. पन्नाशीच्या पुढच्यांवरच्या चाचण्यांत शंभरातल्या साधारण ७८ जणांचा दंड दुखला. अंगदुखी आणि थकवा प्रत्येकी सुमारे ४५ जणांना, डोकेदुखी ३८ जणांना, थंडी वाजून येणं २७ जणांना आणि ताप २१ जणांना आला. साधारण सहातल्या एकाला एवढा त्रास झाला, की नेहमीची कामं जमली नाहीत. हे सगळं बहुतेकांच्या बाबतीत दोन ते तीन दिवसांत ओसरलं.

पहिला डोस सकाळी घेतल्यावर मला दुपारपर्यंत काहीच परिणाम जाणवला नाही. दंड जड झाला एवढंच. रात्री नऊच्या सुमारास पाठीतून शिरशिरी आली, मग दोन चादरी घेऊनही थंडी जाईना. पोटऱ्या आणि मांड्या अशा दुखत होत्या, की आदल्या दिवशी घाटात लाँग रन केलाय असं वाटावं. फरक इतकाच, की सांधे आणि बोटंसुद्धा दुखत होती. ताप शंभरच्या वर गेला. पहाटे घाम येऊन तो उतरला. दुसरा दिवस पेज, वरणभात आणि झोप यांत गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या आवारात सावकाश चालले. दंड मात्र त्यानंतरही दुखत राहिला. त्या कुशीवर झोपता येत नव्हतं आणि केसांचा अंबाडा घालताना हात वर जात नव्हता. दुसऱ्या डोसला हाच क्रम झाला, जरा सौम्य. तुमच्या बाबतीत उलटंही होऊ शकतं, किंवा दंडापलीकडे काहीच होणार नाही. आधी सांगता येत नाही, म्हणूनच तयारी त्रास होईल असं धरून करावी.

दोन डोसांमध्ये दोन ते सहा महिन्यांचं अंतर ठेवायचं असतं. हे अंतर धावपटूंच्या फार सोयीचं आहे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिच्यानंतर आपल्याकडे ऊन चढू लागतं आणि मोठ्या शर्यती विरळ होतात. म्हणून पहिला डोस फेब्रुवारीत आणि दुसरा एप्रिल-मेमध्ये, ही मला सगळ्यांत चांगली जुळणी वाटते. ज्यांना पावसाळ्यात साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढायचा आहे, त्यांनी दुसरा डोस जूनअखेरपर्यंत उरकावा. आणि हा लेख वाचताना सप्टेंबर उजाडला असेल, तर पुढच्या फेब्रुवारीची वाट बघत बसू नका. साताऱ्यानंतर लगेच पहिला डोस घ्या. मुंबईनंतर फेब्रुवारीत दुसरा घेतला, तरी अंतर पाच महिन्यांच्या आसपासच होतं.

शर्यतीच्या आधी मी निदान दोन-तीन आठवडे मोकळे ठेवते. हा नियम लशीचा नाही, आपल्या सोयीचा आहे. मॅरेथॉन झाल्यावरही दहा-बारा दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे अंग कशाने दुखतंय याचा गोंधळ होत नाही. टेपरच्या आठवड्यात लस घेणं मात्र टाळाच. त्या दिवसांत पळणं कमी असतं म्हणून ते सोयीचं वाटतं, पण शर्यतीच्या पहाटे दंड दुखत असेल किंवा झोप अपुरी असेल, तर महिन्यांची मेहनत वाया जाते.

आठवड्यातला वारही विचार करून ठरवा. बहुतेकांचा लाँग रन रविवारी असतो. रविवारी पळून, घरी येऊन, उपाशीपोटी तसंच दवाखान्यात जाणं बरं नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि सुई पाहून चक्कर येणाऱ्यांना हटकून येते. मी शुक्रवार सकाळ निवडते. त्या दिवशी पळत नाही, व्यवस्थित नाश्ता करून जाते, आणि शनिवार-रविवार विश्रांतीला मिळतात. त्या आठवड्याचा लाँग रन सरळ खोडून टाकायचा. पुढच्या आठवड्यात तो भरून काढायला दोन लाँग रन करायचे नाहीत. तीन-चार दिवस न पळल्याने दम कमी होत नाही. त्यात जाणवण्याजोगी घट व्हायला साधारण दहा-बारा दिवस तरी पूर्ण बंद राहावं लागतं.

दवाखान्यात जाताना बिनबाह्यांचा किंवा सैल बाह्यांचा कपडा घाला. ही बाब किरकोळ वाटेल, पण पळणाऱ्यांसाठी महत्त्वाची आहे. गळ्याकडून कपडा खाली ओढून खांदा पुढे केला, तर सुई दंडाच्या जाड स्नायूऐवजी वर, सांध्याजवळ टोचली जाण्याची शक्यता वाढते आणि खांद्याचं दुखणं आठवडेच्या आठवडे मागे लागू शकतं. बाही पूर्ण वर करून अख्खा दंड उघडा ठेवावा, बसून लस घ्यावी, हात सैल सोडावा. ज्या हाताने लिहिता, पाण्याची बाटली धरता, त्याच्या दुसऱ्या हातात घ्या. ज्या कुशीवर झोपायची सवय आहे, ती बाजूही टाळता आली तर बरं.

ही लस पूड आणि द्रव अशा दोन कुप्यांत येते, ती समोर मिसळून देतात. कुपीवरची मुदत बघा, ती फ्रीजमधून काढली का ते विचारा. यात संकोच कसला? लस सरकारी लसीकरणात नाही, खासगी दवाखान्यांतच मिळते, आणि दोन्ही डोसांचा खर्च वीस हजारांच्या आसपास जातो. रक्कम मोठी आहे, हे मी नाकारत नाही. अनेक ठिकाणी आधी सांगितलं तरच लस मागवून ठेवतात, म्हणून फोन करूनच जा. डॉक्टरांना सगळी औषधं सांगा, विशेषतः रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर. पूर्वी एखाद्या लशीची तीव्र ॲलर्जी आली असेल, सध्या ताप असेल, नागीण चालू असेल किंवा गरोदरपण असेल, तर त्या दिवशी घेऊ नका. नागीण पूर्वी होऊन गेलेल्यांना मात्र लस घेता येते. ती पूर्ण बरी झाल्यावर कधी, ते डॉक्टर सांगतील. कर्करोगाचे उपचार, अवयव प्रत्यारोपण किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील, तर पन्नाशीच्या आतही या लशीचा विचार होतो आणि दोन डोसांमधलं अंतर कमी ठेवता येतं. तो निर्णय पूर्णपणे तुमच्या डॉक्टरांचा. टोचून झाल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसा.

घरी आल्यावर हात जखडून ठेवू नका. तासा-दोन तासांनी तो सावकाश फिरवला, घरातली हलकी कामं केली, तर दंड आखडत नाही. पाणी, ताक, लिंबू सरबत घेत राहा. ‘अजून काही त्रास नाही’ म्हणून संध्याकाळी पाच किलोमीटर पळून यायचा मोह होतो. तो टाळा, कारण थंडी-ताप बहुधा त्याच रात्री येतो. ताप असताना तर एक पाऊलही पळू नये. तापाच्या दर अंश सेल्सियसमागे हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात. अशा हृदयाला आणखी पळवण्यात काही शहाणपण नाही. व्यायामाने लशीला मदत होते, असं तुम्ही वाचलं असेल. अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठाच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात फ्लू आणि कोविडच्या लशीनंतर दीड तास सौम्य-मध्यम व्यायाम करणाऱ्यांत प्रतिपिंडं जास्त दिसली. तो व्यायाम होता सायकल किंवा भरभर चालणं, आणि ती लस ही नव्हती. तेवढ्यावर विसंबून लशीनंतर टेम्पो रन काढू नये.

वेदनाशामकांबद्दल धावपटूंना थोडं स्पष्ट सांगायला हवं, कारण शर्यतीच्या सकाळी गोळी घेऊन उभं राहायची सवय आपल्यात फार पसरली आहे. लशीच्या आधीच, त्रास होईल या भीतीने गोळी घेऊ नये. ताप किंवा अंगदुखी सुरू झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल पुरतं. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन, दुखणं दबलं म्हणून पळायला जाणं मूत्रपिंडांसाठी धोक्याचं आहे. घामाने पाणी कमी झालेलं असतं, त्यात या गोळ्या भर घालतात.

पुन्हा पळायला कधी लागायचं? गोळी न घेता चोवीस तास ताप नाही, जिना चढताना धाप नाही, भूक परत आली, आणि सकाळी उठल्याबरोबर मोजलेले ठोके नेहमीच्या आकड्यावर आले, की पहिल्यांदा नुसतं चाला. मनगटावरचं घड्याळ इथे खरोखर उपयोगी पडतं: माझे ठोके लशीनंतर वर गेले होते आणि अंगदुखी थांबल्यावरही एक दिवस ते खाली आले नव्हते, म्हणून मी आणखी एक दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी गप्पा मारत जमेल इतक्या सावकाश वेगाने अर्धा तास. वेगाचे व्यायाम, चढ आणि वजनं आठवडाभर बाजूला. हात पुढे-मागे हलताना दंडात ओढ जाणवत असेल, तर पळण्याची ढब बदलून ती सांभाळायला जाऊ नका. खांदा आखडून पळलं, की मान आणि मग पाठ धरते. त्यापेक्षा चालावं. लस घेतलेल्या बाजूच्या काखेत लहानशी गाठ लागली, तर घाबरू नका, काही दिवसांत ती जिरते. महिनाभरानेही राहिली तर दाखवा.

पावसाळ्यात लस घेणाऱ्यांसाठी एक इशारा. ताप आला की ‘लशीचा असेल’ असं धरून आपण स्वस्थ बसतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो यांचाही ताप असतो, आणि पहाटे चिखलपाण्यातून पळणाऱ्यांना लेप्टोचा धोका आहेच. लशीनंतरचा ताप तीन दिवसांपुढे गेला, एकदा उतरून पुन्हा चढला, अंगावर पुरळ आलं किंवा लघवी गडद झाली, तर रक्त तपासून घ्या. धाप लागणं, ओठ-चेहरा सुजणं, छातीत दुखणं यांत घरी थांबायचं नाही. लशीनंतरच्या आठवड्यांत पायांतली ताकद कमी होऊन चालताना पाय लटपटू लागले, तेही ताबडतोब दाखवा. अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्यांमध्ये दर दहा लाख डोसांमागे गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे सुमारे तीन जादा रुग्ण दिसले आणि मार्च २०२१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने तशी सूचना लशीच्या माहितीपत्रकात घालायला लावली. धोका अत्यंत कमी आहे, पण पायांचा थकवा ‘सरावाचाच असेल’ म्हणून झटकणारे आपण लोक, म्हणून हे लक्षात असायला हवं.

पहिल्या डोसने आडवं पाडलं म्हणून दुसरा टाळणारे मला भेटले आहेत. तसं करू नका. पहिल्या डोसला झालेला त्रास दुसऱ्यालाही होईलच असं नाही, आणि टिकाऊ संरक्षण दोन डोसांनंतरचंच आहे. सहा महिन्यांची मुदत उलटून गेली असली, तरी दुसरा डोस घेऊन टाका. पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही. पहिला डोस घेऊन बाहेर पडतानाच दुसऱ्याची तारीख ठरवा, दवाखान्याच्या कार्डावर लशीचं नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्या, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. आणि घरात पन्नाशीच्या पुढे आणखी कोणी असेल, पळणारं किंवा न पळणारं, तर दोघांनी एकाच दिवशी टोचून घेऊ नका. आठवड्याचं अंतर ठेवा, म्हणजे एकाला ताप असताना पेज करून द्यायला दुसरं माणूस उभं असेल.